आयटीवाला असा निवडा, की उद्या तो नसला तरी क्लिनिक चालेल



पेट क्लिनिक सुरू करणारे डॉक्टर जागा शोधायला सहा-सहा महिने घालवतात. एक्स-रे मशीनसाठी चार कोटेशन मागवतात, तपासणीचं टेबल हात लावून बघतात. आणि कॉम्प्युटरचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "एक ओळखीचा मुलगा आहे, तो बघतो सगळं." विषय संपला!

माझं पेट फूडचं दुकान आहे, त्यामुळे क्लिनिकवाल्यांशी रोजचा संबंध. जे बघतोय त्यावरून माझं मत स्पष्ट सांगतो. आयटी सपोर्टवाल्याची पारख तो किती लवकर धावत येतो यावरून करू नका. तो उद्या काम सोडून गेला, गावाला गेला, आजारी पडला, तर परवा सकाळी तुमचं क्लिनिक उघडेल का, यावरून करा. सगळ्या किल्ल्या तुमच्या हातात देऊन ठेवतो तो विश्वासू. "टेन्शन घेऊ नका सर, पासवर्ड सगळे माझ्याकडे आहेत" म्हणणारा कितीही गोड बोलला तरी तुमच्यासाठी धोका आहे.

क्लिनिकचा खरा माल कुठे असतो?

माझ्या दुकानात माल रॅकवर असतो. कॉम्प्युटर बंद पडला तर वहीत बिलं लिहून मी दिवस काढू शकतो. क्लिनिकचं तसं नाही, कारण तिथला पेशंट बोलत नाही! माणसांचा डॉक्टर पेशंटलाच विचारतो, आधी कोणती गोळी चालू होती. लॅब्रॅडॉर काय सांगणार? मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "ती पिवळी गोळी नाही का, मागच्या वेळची." मागचं वजन किती होतं, कोणत्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती, किडनीचा रिपोर्ट सहा महिन्यांपूर्वी कसा होता, हे सगळं फक्त रेकॉर्डमध्ये असतं.

एक उदाहरण घ्या. हल्ली नोकरीसाठी परदेशात जाणारी कुटुंबं कुत्रा-मांजर सोबत नेतात. भारतातून युरोपियन युनियनच्या देशात न्यायचं असेल तर क्रम ठरलेला आहे. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी तपासणी आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबणं. आता समजा, घर बदलताना मालकाकडून लसीकरणाचं पुस्तक हरवलं. तो तुमच्याकडे येतो आणि तुमच्या कॉम्प्युटरमधली नोंदही गेलेली. मग चिप आधी की लस आधी, हे सिद्ध कसं करणार? मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिकिटं काढलेल्या माणसाला हे सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

धंद्याच्या बाजूनेही बघा. लसीचा पुढचा डोस कोणाचा कधी आहे, जंताचं औषध कोणाला द्यायचंय, ही यादी म्हणजे तुमचं पुढच्या वर्षाचं उत्पन्न. यादी गेली की जुनं गिऱ्हाईक पुन्हा शून्यापासून जोडायचं.

"आपल्या छोट्या क्लिनिकला कोण हॅक करणार?"

हे वाक्य मी फार ऐकतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून चाललं. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सीव्हीएस ग्रुप या शेकडो व्हेट क्लिनिक चालवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा त्यांना सिस्टिम काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्यांच्याकडे आयटीचे अख्खे विभाग होते. आपल्याकडे रिसेप्शनवरची ताई आणि एक कॉम्प्युटर.

शिवाय फाइल लॉक करून पैसे मागणारे व्हायरस बऱ्याचदा नाव-पत्ता बघून येत नाहीत. ते ईमेलमधून, चोरीच्या सॉफ्टवेअरमधून, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून येतात. आणि हल्ला सोडाच, आपल्याकडे लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली तरी हार्ड डिस्क जायला तेवढं पुरतं.

काम देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. बॅकअप परत उघडून दाखवाल का?

"बॅकअप आहे का" विचारलंत तर सगळे हो म्हणतात. तुम्ही असं सांगा: गेल्या मंगळवारचा बॅकअप घ्या, दुसऱ्या लॅपटॉपवर टाका आणि त्यात एका पेशंटची फाइल आणि त्याचा एक्स-रे उघडून दाखवा. इथेच खरं कळतं. अनेकदा सॉफ्टवेअरच्या डेटाचा बॅकअप असतो, पण एक्स-रेच्या इमेज वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि त्या राहून जातात. कधी बॅकअपची डिस्क चोवीस तास त्याच कॉम्प्युटरला जोडलेली असते, म्हणजे व्हायरस आला की तीही गेली. गूगल ड्राइव्हवर फोल्डर सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इथली फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. किमान एक कॉपी क्लिनिकच्या बाहेर आणि एक कॉम्प्युटरपासून सुटी काढून ठेवलेली हवी. दर तीन महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा घ्या.

२. खाती कोणाच्या नावावर आहेत?

वेबसाइटचं डोमेन, ईमेल, सॉफ्टवेअरचा ॲडमिन, राउटर, सीसीटीव्ही, रिमाइंडर पाठवायचा व्हॉट्सॲप नंबर. प्रत्येक गोष्ट क्लिनिकच्या किंवा डॉक्टरांच्या नावावर हवी. आयटीवाल्याला काम करण्यापुरता स्वतंत्र लॉगिन द्या, तो कधीही बंद करता आला पाहिजे. सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का, हेही आधीच विचारा. पैसे भरल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

३. रविवारी संध्याकाळी काय?

"फोन करा, लगेच येतो" हे उत्तर नाही. क्लिनिक पूर्ण बंद पडलं तर किती तासांत, एक कॉम्प्युटर बंद असेल तर किती तासांत, प्रिंटरसाठी किती दिवसांत, हे कागदावर लिहून घ्या. त्याचा स्वतःचा फोन बंद असेल तर दुसरा माणूस कोण, त्याचा नंबर काय, तेही लिहा. "९९ टक्के सिस्टिम चालू राहील" असं कोणी म्हणालं तर जरा हिशेब करा. उरलेला १ टक्का म्हणजे वर्षाचे साडेतीन दिवसांहून जास्त होतात!

४. एक्स-रे आणि रक्त तपासणीच्या मशीनच्या कॉम्प्युटरला कोण हात लावणार?

इथे सगळ्यात जास्त टोलवाटोलवी होते. मशीन कंपनी म्हणते विंडोजचा प्रॉब्लेम, आयटीवाला म्हणतो मशीनचा प्रॉब्लेम, आणि टेबलावर पाय मोडलेलं मांजर. कोणाची हद्द कुठे संपते ते आधी ठरवा आणि दोघांचे नंबर एकाच कागदावर ठेवा. अशा मशीनला जोडलेला कॉम्प्युटर बऱ्याच ठिकाणी जुना असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. मशीन कंपनीला न विचारता अपडेट मारणारा नको, आणि "चालतंय ना, चालू द्या" म्हणणाराही नको. वेटिंग रूममधलं वाय-फाय आणि मशीनचं नेटवर्क वेगळं ठेवू, असं न विचारता सांगणारा भेटला तर तो कामाचा माणूस समजा.

५. रिमोटने कधी आणि कसा शिरणार?

एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर सोयीचं आहे, पण कोणाच्याही परवानगीशिवाय कधीही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड ठेवू नका. तुमच्याकडे शेकडो पालकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आहेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि तुम्ही काम दुसऱ्याला दिलं म्हणून त्यात तुमची जबाबदारी संपत नाही. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं, असा २०२२ चा निर्देश आहे. समोरच्याला हे माहीत आहे का, सहज विचारून बघा.

"पण हे महाग पडेल ना?"

ओळखीचा मुलगा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तोच मुलगा वरच्या पाच गोष्टी कागदावर द्यायला तयार असेल, तर त्यालाच द्या. ओळख ही चांगली सुरुवात आहे, पण तिचं कागदात रूपांतर झालं पाहिजे.

आता हिशेब. समजा रोज २५ पेशंट येतात आणि सरासरी बिल ८०० रुपये. म्हणजे दिवसाचे २०,०००. दोन दिवस गोंधळ झाला तर ४०,००० रुपयांचं काम अडकलं, आणि तुटलेला विश्वास वेगळाच. त्यापुढे दोन हार्ड डिस्क आणि एका पानाचा करार यांना कितीसा खर्च येतो? हो, वर्षाच्या एएमसीचे सगळे पैसे आधी देऊ नका. पहिले तीन महिने बघा, मग पुढचं.

जे आयटी सपोर्टचाच व्यवसाय करू पाहतायत, त्यांच्यासाठी

तुमच्यापैकी काही जण या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहात. तुम्हाला वाटेल, सगळे पासवर्ड दिले तर गिऱ्हाईक सोडून जाईल. मला उलटं वाटतं. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांच्या हातात एक फाइल ठेवा: मशीनची यादी, खात्यांची यादी, बॅकअप कुठे आहे आणि तो कसा उघडायचा. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. अडवून धरलेलं गिऱ्हाईक पहिली संधी मिळताच जातं. ज्या डॉक्टरला तुमच्यामुळे रात्री झोप लागते, तो पुढच्या दोन डॉक्टरांना तुमचा नंबर देतो.

क्लिनिक चालू असेल तर या आठवड्यात एकच काम करा. आयटीवाल्याला बोलवा, चहा पाजा आणि पहिला प्रश्न विचारा. फाइल आणि एक्स-रे दोन्ही उघडले तर त्याचं मनापासून कौतुक करा. नाही उघडले, तर निदान आज कळलं, सगळं शाबूत असताना.

भेटू पुढच्या व्हिडिओत!