गणवेशावरचा हात आणि कायद्याचे डोळे

गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातला ऊसतोड मजुराचा मुलगा पोलीस शिपाई होतो, तेव्हा तो गणवेश त्याची सत्ता नसते. पोटाची सोय असते. त्यावर हात टाकणारे मात्र अनेकदा सत्तेच्या सावलीतले असतात. मार्च २०१३ मध्ये खुद्द विधान भवनात पोलीस अधिकाऱ्याला झालेल्या मारहाणीबद्दल पाच आमदार निलंबित झाले होते!

२०१८ मध्ये महाराष्ट्राने कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे केली. पुढे या कलमाच्या गैरवापराची ओरड झाली तीही विधिमंडळातच. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १३२ ने मर्यादा पुन्हा दोन वर्षांवर आणली आहे.

पण कागदावरच्या वर्षांनी शिपायाचे रक्षण होते काय? खटले रेंगाळतात, साक्षीदार फुटतात, आणि शेवटी किरकोळ दंडावर किंवा न्यायालय उठेपर्यंतच्या शिक्षेवर वजनदार आरोपी मोकळा होतो. मोर्चातल्या मजुरावर मात्र हेच कलम तत्परतेने लावले जाते. जामिनासाठी त्याला बैल विकावा लागतो. हे खटले वर्षभरात निकाली काढावेत, सौम्य शिक्षेची कारणे निकालपत्रात सविस्तर नोंदवावीत, आणि निव्वळ घोषणा देणाऱ्यांवरील गुन्हे मागे घ्यावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीपर्यंत नेली पाहिजे.