अब्रूच्या कुलुपात कोंडलेले आजारी मन

मधुमेहाची गोळी चारचौघांत घेणारा गृहस्थ नैराश्याची गोळी मात्र कपाटात दडवून ठेवतो. हृदयाची शस्त्रक्रिया झाली की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढायची, तर ती परगावी, ओळखीचे कोणी दिसणार नाही अशा बेताने! ‘लोक काय म्हणतील?’ या एका प्रश्नापुढे मराठी मध्यमवर्गाची सारी विद्वत्ता हतबल होते. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’ असले विनोद ज्या समाजात सहज खपतात, तेथे मदत मागण्याचे धैर्य कोण दाखवील?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे सुमारे एक जण मानसिक विकाराने ग्रस्त आढळला. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. डॉक्टरांची टंचाई हे त्याचे एक कारण खरेच. परंतु जेथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, तेथेही पाऊल अडते ते उंबरठ्यावरच.

या मौनाला संस्कृतीचा मुलामा दिला जातो, हे अधिक संतापजनक आहे. कोठे ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगत, देवऋषी आणि गंडेदोरे यांत उमेदीची वर्षे जातात. कोठे सुशिक्षित वडीलधारे ‘मन खंबीर ठेव, ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत’ असे म्हणून विषय मिटवतात. यावर कडी म्हणजे ‘लग्न केले की येईल ताळ्यावर’ हा रामबाण! आजार लपवून परक्याची लेक घरात आणणे ही अब्रूची राखण नव्हे, शुद्ध फसवणूक आहे.

परंपरेची ढाल पुढे करणाऱ्यांनी परंपरा उघडून तरी पाहावी. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानातही उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. आगंतुक उन्मादाची चर्चा चरकाने टाळली नाही. पण ज्याने स्वतःला क्लेश दिले नाहीत, त्याला देव, गंधर्व वा पिशाच पीडा देत नाहीत, असा निर्वाळाही त्यानेच दिला. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि मनाला अहितापासून आवरणारा सत्त्वावजय हे तीन उपचार त्याने एका पंक्तीत बसवले. जप आहे म्हणून औषध नको, असे तो कोठेही सांगत नाही. मग चरकाच्या वारसांनी मनाच्या वैद्याची लाज का बाळगावी?

श्रद्धेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या पुरोगामी मंडळींचेही निदान अपुरे आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवाऱ्यात आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्यांना पळताही आले नाही. २८ मनोरुग्णांचा बळी गेला. उपचाराविना श्रद्धा कोठे नेते, याचे हे भीषण उदाहरण. पण गुजरातमध्ये उनावा येथील दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमाने वेगळी वाट दाखवली. तेथील मुजावरांनाच विश्वासात घेण्यात आले आणि तेच दुआसाठी आलेल्यांना डॉक्टरकडे पाठवू लागले. श्रद्धेचा अपमान न करता रुग्ण वाचवता येतो, हे तेथे दिसले. हिंदू देवस्थानांनी हे करण्यास कोणाची हरकत आहे? जेथे अन्नछत्र आणि रक्तदान शिबिर चालते, तेथे आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ का बसू नये?

कायदा आपल्या परीने पुढे गेला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराची बरोबरी दिली. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. पण दूरध्वनी उचलायचा हात घरातलाच असावा लागतो. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने मुलांच्या गुणांची आणि आजोबांच्या गुडघ्यांची चौकशी करावी, तशीच आतल्या खोलीत गप्प बसलेल्याचीही करावी. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवायचा, तर तिच्या बंद दाराआडचे दुःख आधी उजेडात आणले पाहिजे. आजारी माणसाला लपवून राखलेली अब्रू कसली?