कपाशीचं विष अंथरुणात नको

कपाशीवर मारून उरलेलं औषध ढेकणांसाठी पलंगावर मारायचं, हा प्रकार आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मी घाटावरही पाहिला आणि घाटाखालीही. माझ्या लेखी हा गुन्हा आहे. फवारणीचा हंगाम सरतो, बाटलीच्या तळाशी दोन बोटं औषध उरतं आणि ती बाटली माळ्यावर जाते. मग एखाद्या रात्री पोरं खाजवून खाजवून रडायला लागली की तीच बाटली खाली येते. पंप घरात असतोच. ज्या गादीवर तान्हं लेकरू झोपतं, तिच्या शिवणीत बोंडअळीचं विष ओतलं जातं. टोकलं तर उत्तर ठरलेलं: "शेतात मारतोच की भाऊ, मले काही झालं काय?"

शेतात काय होतं ते आपल्या विदर्भातल्याच यवतमाळने 2017 साली सोसलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथे डोक्यावर मोकळं आभाळ होतं, वारा होता. झोपायच्या खोलीत खिडकी बंद असते आणि नाक गादीला टेकलेलं असतं. शेतातला माणूस फवारून घरी येतो, अंग धुतो. अंथरुणातला माणूस त्या विषावर रात्रभर लोळतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच लोळतो.

याहून भयंकर आहेत त्या धान्यात ठेवायच्या गोळ्या, ॲल्युमिनिअम फॉस्फाईडच्या. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. घरात वापरण्यासाठी त्या सामान्य गिऱ्हाइकाला विकताच येत नाहीत. तरी "ढेकणाले काही द्या" म्हटलं की कागदात गुंडाळून हातावर ठेवणारे दुकानदार आहेत. आठवडी बाजारात तर पुडीवर नाव नाही, घटक नाही, लाल-पिवळा त्रिकोण नाही, अशी भुकटी उघड्यावर मिळते. कीटकनाशकांचा कायदा 1968 सालचा आहे. नोंदणी नसलेलं, लेबल नसलेलं औषध विकणं त्या कायद्याने बंद आहे. बाजाराच्या दिवशी कृषी खात्याच्या निरीक्षकाने एक चक्कर मारली तरी हा धंदा उघडा पडेल. ती चक्कर का होत नाही, हे मला जिल्ह्याच्या कृषी खात्याला तोंडावर विचारायचं आहे. पुण्यात मागे ढेकणांसाठी औषध मारलेल्या घरात परत येऊन बसलेलं एक जोडपं जिवाला मुकलं. तसं काही आपल्या तालुक्यात घडेपर्यंत थांबायचं आहे का?

आणि एवढं विष ओतून ढेकूण मरतात का? मरत नाहीत. अंड्यांवर बहुतेक फवारे चालत नाहीत. आठ-दहा दिवसांत ती फुटतात आणि सगळं पुन्हा सुरू होतं. वरून, नेहमीच्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना जगभरचे ढेकूण दाद देईनासे झाले आहेत. ही गोष्ट कपाशी पिकवणाऱ्याला मी समजावून सांगायची गरज नाही. बीटी बियाण्याला गुलाबी बोंडअळी कशी सरावली आणि 2017 च्या हंगामात तिने बोंडं कशी पोखरली, हे विदर्भाने पाहिलंय. ढेकणांचं नेमकं तेच झालंय, फक्त फार आधी. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर पर्ल हार्बरला 1947 मध्येच सापडले होते. आपल्याकडे हिवतापासाठी 1953 पासून घरोघरी डीडीटी मारली. सुरुवातीला ढेकूणही गेले म्हणून लोक खूश होते. पुढे ढेकूण तिला सरावले आणि लोक फवारणीवाल्याला दारातूनच परत पाठवू लागले. इतक्या वर्षांनी आपण तीच चूक जास्त जहाल विष घेऊन करतो आहोत.

हे होतं त्याचं कारण लाज. ढेकूण म्हणजे घाण घर, फुहड बाई, हे खूळ आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. "आमच्या घरात नाही बाप्पा ढेकूण," असं शेजारणीला सांगणाऱ्या वहिनींच्या घरात रात्री बॅटरी लावून शोधाशोध चालू असते. भाडेकरू घरमालकाला सांगत नाही, कारण खोली खाली करायला लावतील. घरमालक नव्या भाडेकरूला सांगत नाही, कारण खोली जाईल. लग्नाचं स्थळ येणार असेल तर मग विचारूच नका. अशाने एका खोलीतले ढेकूण साऱ्या चाळीत पसरतात. तुम्ही एकट्याने गुपचूप फवारा मारला की ते भिंतीतल्या वायरच्या नळीतून शेजाऱ्याकडे जातात आणि महिन्याभराने परत येतात.

ढेकणाला कचरा लागत नाही, माणसाचं रक्त लागतं. फरशी आरशासारखी चकचकीत असली तरी त्याला फरक पडत नाही. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलंय की 2017 ते 2022 या काळात तिथल्या दर दहा घरांपैकी एकाहून अधिक घरांत ढेकूण झाले होते. 2023 साली पॅरिसमध्ये एवढा गाजावाजा झाला की मंत्र्यांना त्यावर बैठका घ्याव्या लागल्या. त्यांना बोलायची लाज वाटली नाही. आपल्या जिल्ह्यातलंच बघा. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. गावं बोलली म्हणून आयसीएमआरचे शास्त्रज्ञ दारात आले. त्या गावांना बदनामी सोसावी लागली, हे खरं आहे आणि ते संतापजनक आहे. पण लपवून बसले असते तर पाण्याचा, धान्याचा, रक्ताचा नमुना कोणी घेतलाच नसता.

आता ओळखायचं कसं ते सांगतो, कारण निम्मी घरं मच्छरांच्या अगरबत्त्या जाळत बसतात. गादी उभी करा. कडेची जाड शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि मोबाईलची बॅटरी मारा. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके ओळीने दिसतील. त्यावर ओला कापूस फिरवा. ठिपका तांबूस-तपकिरी होऊन पसरला तर ते तुमचंच पचलेलं रक्त आहे. जवळच पिवळसर, पारदर्शक, आतून पोकळ टरफलं सापडतील. ढेकणाचं पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी रक्त पितं. अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, पांढरट, लाकडाच्या चिरेत चिकटवलेली. मोठा ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, चपटा. जुनं एटीएम कार्ड पलंगाच्या सांध्यातून फिरवलं की बाहेर पडतो. बाजेचा गात खुरात बसतो ती खाच, लोखंडी खाटेच्या पोकळ पाइपाचं तोंड, भिंतीवरचं कॅलेंडर, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, उशाजवळचा स्विचबोर्ड, हे सगळं तपासा.

फक्त चाव्यांवरून निदान करू नका. काहींच्या अंगावर गांधी उठतात, काहींना काहीच होत नाही. एकाच पलंगावर नवरा निवांत घोरतो आणि बायकोचे हात सुजतात. मग तिलाच "तुले उष्णता झाली" म्हणून गप्प केलं जातं आणि ती गजकर्णाची मलमं चोळत राहते. ढेकूण आजार पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, तेव्हा घाबरून जीवघेण्या विषाकडे धावायचं काहीच कारण नाही. झोप मात्र पार उडते, आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळतात. परीक्षेच्या वर्षातल्या पोराला ते फार महाग पडतं.

ढेकणाला मारते ती उष्णता. 50 अंशांच्या पुढे तो आणि त्याची अंडी दोन्ही टिकत नाहीत. आपल्या आज्या बाज अंगणात आपटून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या. ते शास्त्राला धरूनच होतं. चादरी, उशांचे अभ्रे, वाकळी उकळत्या पाण्यात काढा, शिवणींवर कडक इस्त्री फिरवा. घाटाखाली मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, त्याचा उपयोग करा. पण गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण खालच्या थंड बाजूला सरकतात. ती काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून पत्र्यावर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी तापवा. भिंतीच्या चिरा सिमेंटने बुजवा. पलंग भिंतीपासून हातभर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, पायांखाली गुळगुळीत कडेच्या वाट्या ठेवा. दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा करा, कारण राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ढेकूण मागोमाग येतात. घराला महिनाभर कुलूप लावूनही भागत नाही, कारण ते कित्येक महिने उपाशी राहू शकतात. एवढं करूनही आटोक्यात आले नाहीत तर परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्याचा परवाना बघा, औषधाचं नाव लिहून घ्या, आणि तो सांगेल तितका वेळ लेकरांसकट घराबाहेर राहा.

येतात कुठून? पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेल्या बॅगेतून, जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या पलंगातून, लॉजवर पलंगाखाली सरकवलेल्या पिशवीतून. प्रकटदिनाला शेगावात, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत माणसांची रीघ लागते. हजारो माणसं एकामागून एक त्याच अंथरुणांवर झोपतात तिथे ढेकूण जाणारच. प्रवासातून आल्यावर बॅग पलंगावर टाकू नका, अंगणात उघडा, कपडे थेट गरम पाण्यात घाला.

माझा सगळ्यात जास्त राग वसतिगृहांवर आहे, सरकारी असोत की खाजगी. घरचा माणूस निदान गादी उन्हात टाकू शकतो. जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या पाड्यांवरून शिकायला आलेलं आठवीतलं पोर काय करणार? ते चावे मोजत झोपतं, वर्गात डुलक्या खातं, मास्तरांचा ओरडा खातं आणि दिवाळीच्या सुट्टीत पेटीतून ढेकूण घरी नेतं. मग घरी बाप माळ्यावरची बाटली काढतो. या मुलांच्या खाटा तपासणं ही गृहपालाची नोकरी आहे, उपकार नाहीत.

जूनमध्ये वसतिगृहं उघडायच्या आधी प्रत्येक खाट बाहेर काढून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी गेलंच पाहिजे. पालकांनो, मुलाला सोडायला जाल तेव्हा आधी त्याची गादी उचलून बघा. काळे ठिपके दिसले तर त्याचं सामान आत ठेवू नका, गृहपालाला तिथेच बोलवा आणि लेखी तक्रार द्या. आणि माळ्यावरची ती बाटली आजच घराबाहेर, कुलपात ठेवा.