मालकाच्या हातातला पाना

महिंद्राची स्कॉर्पिओ 2002 साली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्या वर्षी एमएच-15 क्रमांक घेतलेल्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2017 मध्ये संपली, पाच वर्षांचं नूतनीकरण 2022 मध्ये संपलं आणि आता 2027 मध्ये तिला तिसऱ्यांदा पेठ रोडवरच्या आरटीओत उभं राहायचं आहे. मधल्या काळात नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेलं. पर्यावरण कर वेगळाच. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आली, तशी महाराष्ट्रात नाही. तपासणीत गाडी पास होईल तोवर ती चालवता येते. इतकं सगळं भरून जो गाडी ठेवतो, तो ती मनापासून ठेवतो. असा मालक आज ना उद्या बॉनेट स्वतः उघडतो.

गॅरेजमध्ये त्याचं स्वागत मात्र एका ठरलेल्या प्रश्नानं होतं: ‘घरी कोणी खोललं होतं?’

हा प्रश्न अकारण येत नाही. प्लगचे आटे गेलेले असतात, पॅकिंगच्या जागी सिलिकॉनचा थर फासलेला असतो, एअर फिल्टरच्या डब्याच्या दोन क्लिपा गायब असतात. अर्धवट खोललेल्या गाडीला वेळ दुप्पट लागतो आणि मजुरीवरून वाद होतो तो वेगळा. तरीही या मासिकाचं मत असं आहे, की नाशिकच्या गॅरेजांनी स्वतः पाना उचलणाऱ्या मालकाकडे बघण्याची पद्धत बदलली पाहिजे. तो गिऱ्हाईक म्हणून टिकणारा आहे, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तर तोच पहिला तपासनीस आहे. सेल्फ नेहमीपेक्षा जड फिरतोय, पार्किंगच्या फरशीवर तेलाचा नवा डाग पडलाय, तिसऱ्या गिअरला नवा आवाज येतोय, हे त्याला मिस्त्रीच्या महिनाभर आधी कळतं.

शिवाय हे शहर कोणाचं आहे, याचाही विचार व्हावा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी या शहराला फिटर, टर्नर आणि तपासनीसांच्या पिढ्या दिल्या. बॉशमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही मायकोत, डिझेल इंजेक्टरच्या नोझल बनवण्यात आयुष्य गेलेला माणूस मायक्रॉनमध्ये विचार करतो. ओझरला एचएएलच्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग विमानांचं काम झालं. 1963 मध्ये हवाई दलात आलेलं मिग-21 शेवटी 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झालं. इतकी वर्षं जुनं यंत्र उडत ठेवायचं तर नियम कडक असतात. कुठला नट किती न्यूटन-मीटरला आवळला याची नोंद होते, त्याखाली सही होते, आणि काम संपल्यावर पेटीतली हत्यारं मोजली जातात. अशा शिस्तीत तयार झालेल्या माणसाला ‘साहेब, यात हात घालू नका’ एवढंच सांगणं हा त्याचा अपमान आहे. त्याचा हात तयार आहे. त्याला त्या विशिष्ट गाडीची माहिती हवी आहे आणि कुठे थांबायचं हे हवं आहे. दोन्ही गोष्टी गॅरेजनंच द्यायच्या आहेत.

थांबायचं कुठे, याबाबत मात्र मुळीच संकोच नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरता कामा नये. खाली घोड्या लावलेल्या असल्याच पाहिजेत. विटा आणि दगड चालणार नाहीत, कारण वीट दाबाखाली अचानक फुटते. कॉमन रेल डिझेलमध्ये पाइपचा दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनवर गळती शोधायला बोट फिरवलं, तर डिझेलची धार कातडी भेदून आत जाते आणि प्रसंगी बोट कापावं लागतं. एअरबॅगची वायरिंग, स्टिअरिंगचे सांधे, एसीचा गॅस ही कामं घरची नाहीत. बाकी एअर फिल्टर, वायपर, बल्ब, बॅटरीच्या टर्मिनलवरची बुरशी, टायरमधली हवा ही सगळी मालकाला खुशाल करू द्यावीत.

खरी गुंतागुंत या दोन्हींच्या मधल्या कामांत आहे. ब्रेक ऑइलचंच बघा. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-3 तेल 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हाच आकडा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. शहरात, गंगापूर रोडच्या रहदारीत, हा फरक कोणाला जाणवणार नाही. तीच गाडी माणसं आणि सामान भरून कसारा घाट उतरताना सतत ब्रेकवर राहिली, की तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून पेडल फळीला टेकतं. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या पावसाळी हवेत राहणाऱ्या गाडीला तर हे तेल दर दोन वर्षांनी बदललेलंच बरं.

मालक घरी काय करतो? टाकीतली पातळी कमी दिसली की वरून भर घालतो. आणि इथेच त्याला कोणीतरी सांगायला हवं, की पॅड झिजले की पातळी आपसूक खाली येते. ती खाली आलेली दिसणं हाच इशारा आहे, आणि भर घातली की तो इशाराच पुसला जातो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला, की जादा तेल बाहेर सांडून मडगार्डचा रंग खातं. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, आणि गाडी त्याच दिवशी गॅरेजला आली पाहिजे. हे सांगायला मिस्त्रीला दोन मिनिटं लागतात.

कधी कधी चूक गॅरेजची असते आणि मालक बरोबर असतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय हे त्याचं ठळक उदाहरण. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आली, की थर्मोस्टॅट काढायचा आणि जागा बंद करून द्यायची, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. गाडी त्या दिवशी थंड राहते, मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅट इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणतो. बहुतेक गाड्यांत तो 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसला की निफाडच्या डिसेंबरातल्या सकाळी इंजिन तापायलाच तयार नसतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक इंजिन थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये गाळ साठतो. मूळ दुखणं बहुधा दुसरंच असतं: चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण, झिजलेली वॉटर बॉडी किंवा कूलंटऐवजी वर्षभर भरलेलं बोअरचं जड पाणी. गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचून मालक थर्मोस्टॅट परत बसवायचा आग्रह धरत असेल, तर त्याला हसू नये. नवा आणून बसवावा.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे आणि त्यावर गॅरेजनं मालकाशी स्वतःहून बोललं पाहिजे. 2025 पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि पॅकिंग बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलं आहे. कार्बोरेटरच्या मारुती 800 मध्ये किंवा पद्मिनीमध्ये पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि फ्लोट चेंबरचं पॅकिंग आधीच वयानं कडक झालेलं असतं. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नळी बोटांनी दाबून पाहणं, सांध्याशी ओल आहे का बघणं, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करणं, एवढं मालक करू शकतो आणि त्यानं केलंच पाहिजे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला धोका जास्त. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो.

माहिती दडवून ठेवण्यानं कोणाचं भलं झालं, हे या व्यवसायानं स्वतःला विचारावं. स्वतंत्र गॅरेजांनी कार कंपन्यांविरुद्ध हीच तक्रार वर्षानुवर्षं केली. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. मॅन्युअल आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजेत, असा त्या आदेशाचा रोख होता. कंपन्या अपिलात गेल्या. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. ज्या गॅरेजनं कंपनीकडे माहिती मागितली, त्याच गॅरेजनं आपल्या गिऱ्हाइकापासून ती लपवावी, हे न्यायाला धरून नाही.

कामाचं नुकसान होईल ही भीती समजण्यासारखी आहे. पण वायपर आणि बल्बच्या मजुरीवर कोणाचं गॅरेज उभं नाही. वीस वर्षांच्या गाडीचं मोठं काम, म्हणजे क्लचप्लेट, हेड, सस्पेन्शनचे बुश, टायमिंग बेल्ट, हे ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याकडेच जातं. आणि जी गाडी घरी नीट सांभाळली जाते, तीच पुढच्या नूतनीकरणापर्यंत टिकते आणि गॅरेजला पुन्हा येते.

यासाठी एक शंभर पानी वही पुरते. गाडीच्या डिकीत राहणारी, मालक आणि मिस्त्री दोघांनीही लिहायची. ब्रेक ऑइल बदललं, तर बाटलीवरचा डॉट क्रमांक, तारीख आणि किलोमीटर. प्लग मालकानं बदलले असतील, तर तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहावं, कितीला आवळले तेही. थर्मोस्टॅट कोणी काढला असेल, तर त्याचंही नाव त्यात यावं. 2027 च्या सिंहस्थाला राज्यभरातून जुन्या गाड्या भरभरून घाट चढून नाशिकला येतील आणि तशाच भरलेल्या उतरतील. त्याआधीच्या पावसाळ्यात, नाशिकच्या गॅरेजांनी आपल्या नेहमीच्या प्रत्येक जुन्या गाडीची वही सुरू करावी आणि पहिल्या पानावर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते लिहावं. ते कोणालाच आठवत नसेल, तर ते काम त्याच दिवशी घ्यावं.