जागेवर नाही, म्हणून मत नाही

जून २०२२मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत मत द्यायला पुण्याहून दोन आमदार रुग्णवाहिकेतून मुंबईला आणले गेले. लक्ष्मण जगताप आणि मुक्ता टिळक. दोघंही गंभीर आजारी. दहाच दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक आली, पुन्हा तोच प्रवास. त्याच वर्षी २२ डिसेंबरला टिळक गेल्या, ३ जानेवारीला जगताप. ते व्हिडिओ मी फोनवर पाहिले होते. सगळीकडे निष्ठेचं कौतुक चाललं होतं. मला मात्र एकच कळत नव्हतं, की मत त्यांच्यापर्यंत का जाऊ शकत नाही?

ते निवडणुकीचं मतदान होतं, सभागृहाचं कामकाज नव्हतं, हे मला मान्य आहे. मग सभागृहाचंच उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट २०२३. दिल्लीच्या प्रशासकीय सेवांचं विधेयक राज्यसभेत १३१ विरुद्ध १०२ मतांनी मंजूर झालं. नव्वदीचे मनमोहन सिंग त्यासाठी व्हीलचेअरवर सभागृहात आले होते. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधानांनी राज्यसभेत त्यांचं त्यासाठी कौतुकही केलं. छानच. पण ज्या घटनेवरून नियम बदलायला हवा होता, तिचा आपण सत्कार करून मोकळे झालो.

माझं म्हणणं सरळ आहे. आजारी, बाळंत, अपंग सदस्याला पडद्यावरून कामकाजात भाग घेण्याचा हक्क हवा. तोही संपूर्ण, म्हणजे बोलण्याचा, अडवण्याचा आणि मत मागण्याचा. आपल्याकडे हे होत नाही त्याचं कारण तंत्रज्ञान नाही. सदस्य कधी ‘हजर’ आणि कधी ‘गैरहजर’ हे ठरवण्याची सोय सत्तेतल्यांना सोडवत नाही, हे खरं कारण आहे.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर परंपरेचा केवढा अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटिश कॉमन्सने एप्रिल २०२०मध्ये काही दिवसांत व्यवस्था उभी केली. सभागृहात जास्तीत जास्त ५० सदस्य, पडद्यांवर १२०. जिथे मत द्यायला आजही लॉबीतून चालत जावं लागतं, तिथे मे महिन्यात खासदारांनी घरून मतं दिली. मग सरकारला ते नकोसं झालं. सभागृह नेते जेकब रीस-मॉग यांनी दूरस्थ मतदान बंद पाडलं आणि २ जूनला खासदार एकमेकांपासून अंतर राखत लांबच लांब रांगेत उभे राहिले. जगभर हसं झालं. नोव्हेंबरमध्ये तर स्तनाच्या कर्करोगावर चर्चा होती आणि त्याच कर्करोगावर उपचार घेणाऱ्या खासदार ट्रेसी क्राउच यांना तिच्यात भाग घेता आला नाही, कारण पडद्यावरून प्रश्न विचारायची मुभा होती, चर्चेची नव्हती. चर्चेची मुभा मिळायला वर्षाची अखेर उजाडली. २०२१च्या उन्हाळ्यात कॉमन्सने सगळंच गुंडाळलं. लॉर्ड्सने मात्र अपंग सदस्यांसाठी ती सोय ठेवली. कॅनडाने २०२३मध्ये ती कायमची केली.

आता आपल्याकडे या.

मार्च २०२०पासून सर्वोच्च न्यायालय व्हिडिओवरून सुनावण्या घेत होतं. संसदीय समित्यांच्या अध्यक्षांनी तशीच परवानगी मागितली, तर गोपनीयतेचं कारण पुढे आलं. पावसाळी अधिवेशन एकदाचं १४ सप्टेंबरला सुरू झालं. प्रश्नोत्तराचा तास रद्द. शून्य प्रहर अर्ध्या तासाचा. लेखी उत्तरं तेवढी चालू.

लेखी उत्तर आणि तोंडी उत्तर यांत काय फरक, असं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न होता. सरकारचं लेखी उत्तर आलं, की अशी आकडेवारी उपलब्ध नाही. विषय संपला. प्रश्नोत्तराचा तास असता आणि प्रश्न तारांकित असता, तर मंत्र्याला उभं राहावं लागलं असतं आणि लगेच उपप्रश्न आला असता. आकडेवारी का ठेवली नाही? राज्यांकडे मागितली का? कोणत्या तारखेला? मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नाला असते, कारण तो आधी लिहून दिलेला नसतो. असा प्रश्न विचारायला सदस्याला आवाज पुरतो. तो दिल्लीतून विचारला काय आणि नांदेडमधून विचारला काय.

त्या अधिवेशनातली गंमत अशी, की ते स्वतःच अर्धंमुर्धं पडद्यावरचं होतं. अंतर राखायचं म्हणून एकाच सभागृहाचे सदस्य लोकसभा, राज्यसभा आणि त्यांच्या गॅलऱ्यांमध्ये विखरून बसवले होते, मोठे पडदे लावून एकमेकांना दिसतील असे. राज्यघटनेचं अनुच्छेद १०० ‘हजर असलेल्या आणि मतदान करणाऱ्या’ सदस्यांबद्दल बोलतं, त्यामुळे घरून सहभाग घटनाबाह्य ठरेल, असं सांगणारे बरेच भेटतात. मग दुसऱ्या दालनात बसलेला सदस्य पडद्यावरून हजर कसा धरला? भिंत आड आली तरी हजेरी टिकते, हे संसदेने स्वतः मान्य केलंय. आता प्रश्न फक्त भिंतींच्या संख्येचा उरतो.

आणि २० सप्टेंबर. कृषी विधेयकं राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. नियम असा, की एका सदस्याने जरी आवाजी कौलाला आव्हान दिलं तरी मतं मोजायची. उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं पडलं, की मागणी जागेवरून व्हायला हवी आणि सदस्य जागेवर नव्हते. मागणी करणारे दोन सदस्य चित्रफितीत जागेवर दिसतात, हे नंतर वर्तमानपत्रांनी दाखवलं. गोंधळात थेट प्रक्षेपणाचा आवाजही काही वेळ गेला होता. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित.

जागेवर बसलेल्यांचं मत मोजलं जात नसेल तर पडद्यावरच्यांचं कोण मोजणार, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. पडद्यावरच्या माणसाला एका बोटाने गप्प करता येतं. त्याला हौद्यात उतरता येत नाही, सभात्याग केला तर खिडकी बंद झाली एवढंच. म्हणून म्यूटचं बटण पीठासीन अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. पडद्यावरून आलेली मतविभागणीची मागणी आपोआप नोंदली गेली पाहिजे, ती ‘ऐकू आली नाही’ म्हणायची सोयच नको. आणि मंत्र्यांना ही सवलत अजिबात नको. उत्तर देणाऱ्याने समोर यायचं.

चर्चेचा दर्जा घसरेल म्हणतात. ब्रिटनमध्ये थोडं तसं झालंही. बोलणाऱ्यांचा क्रम आधी ठरलेला, मध्येच उठून टोकणं बंद, लिहून आणलेली भाषणं. पण आपण कोणत्या उंचीवरून घसरणार आहोत? तेच कृषी कायदे २९ नोव्हेंबर २०२१ला मागे घेतले गेले, तेव्हा सगळे सदेह हजर होते. दोन्ही सभागृहांत चर्चेविना विधेयक मंजूर. महाराष्ट्रात २०२०मध्ये पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं आणि हिवाळी अधिवेशनही दोनच दिवसांचं झालं. सदेह सभागृहाचा एवढा कळवळा असणाऱ्यांनी आधी ते भरवून दाखवावं.

अडचणी खोट्या नाहीत. कॅनडात पडद्यावरच्या खराब आवाजामुळे दुभाष्यांच्या कानांना इजा झाल्या, शेवटी सदस्यांना चांगले माइक सक्तीचे करावे लागले. एक खासदार तर कॅमेऱ्यासमोर विवस्त्र सापडले! आपल्या संसदेतही मराठी भाषण दुभाष्यामार्फतच इतरांपर्यंत पोचतं, तेव्हा माइकचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. पण माइक विकत मिळतात.

डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फोटो गाजले, हिरकणी कक्ष उघडला गेला. दोनच महिन्यांनी मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तिथल्या कक्षात धूळ होती, सोय नव्हती, आणि त्या माध्यमांसमोर रडल्या. नाव मात्र कुणी अचूक निवडलंय. गडाचे दरवाजे वेळ झाली म्हणून बंद झाले, नियम म्हणून उघडले नाहीत, आणि घरी बाळ होतं म्हणून हिरकणी कड्यावरून उतरली. त्या कक्षात बाळाजवळ बसून सभागृहात उपप्रश्न विचारता यावा, इतका साधा एक कॅमेरा आणि माइक बसवा. सुरुवात तिथून केली तरी चालेल.