बाइक किती देते?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोन प्रश्न विचारायचे नसतात. पगार किती आणि बाइक किती देते? दोन्हींची उत्तरं आपण थोडी वाढवूनच देतो.

मी बिनधास्त ‘पंचेचाळीस’ सांगायचो. मोजलं कधीच नव्हतं. दोन दिवसांनी दोनशेचं टाकायचं, काटा वर गेला की खूश! पण मध्यंतरी काटा भलताच पटापट खाली यायला लागला. मुंबईत पेट्रोलने मे 2021 मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हापासून माझा पारा तसाही चढलेलाच. नेहमीच्या पंपावर गेलो आणि तिथल्या पोरावर ओरडलो, ‘‘माप मारतोस!’’

त्याने शांतपणे पाच लिटरचं शिक्क्याचं माप आणलं. (ते प्रत्येक पंपावर असतं आणि आपण मागू शकतो, बरं का.) पेट्रोल बरोब्बर रेघेवर. मागे ही मोठी लाइन, सगळे माझ्याकडे बघतायत. पार पोपट!

घरी बाबांनी स्कूटरच्या डिकीतली वही काढली. तारीख, किलोमीटर, लिटर. या वहीवर मी वर्षानुवर्षं हसलोय. ‘‘पंपवाल्याला विचारण्याआधी हिला विचार,’’ एवढंच म्हणाले.

फंडा सोपा आहे. बाइक डबल स्टँडवर लावा, टाकी एका खुणेपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. बस्स, हेच तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. दोनशे-दोनशेच्या हप्त्यांत हे कळणं शक्यच नाही.

माझं निघालं एकेचाळीस! मग चोर सापडायला लागले. मागच्या टायरमध्ये हवा कमी. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या गर्दीत इंजिन चालूच. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. तिथे माझा इलाज नाही, पण हवा आणि सिग्नल माझ्याच हातात आहेत. महिन्याभरात वही चव्वेचाळीस दाखवू लागली.

आणि ते ‘सकाळी गार पेट्रोल जास्त मिळतं’? पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. एका अंशाचा फरक पडलाच, तर पाच लिटरमागे साधारण पाच मिली. म्हणजे चहाचा एक चमचा! त्यासाठी रविवारची झोप मोडू नका. मीटरवर शून्य मात्र नक्की बघा.

परवा पंपावरच्या त्या पोराला सॉरी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘साहेब, हवा चेक केली ना?’’

म्हणजे त्याला आधीच दिसलं होतं. मीच विचारलं नव्हतं.