आजार एकच, पायरी वेगळी

आमचे दोन चुलते. थोरले आबा आणि धाकटे तात्या. आबा परांडा तालुक्यातल्या गावीच राहिले. तात्या ऐन तारुण्यात भोसरीच्या एका कारखान्यात लागले आणि पुढे आमच्या पिंपळे गुरवात दोन खोल्या बांधून राहिले. दोघे एकाच आईची लेकरे, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन वाढलेली. उतारवयात दोघांना आजारही एकच निघाला. प्रोस्टेटचा कॅन्सर. फरक एवढाच की, आबांचा आजार सापडला तेव्हा तो हाडांत जाऊन बसला होता, आणि तात्यांचा सापडला तेव्हा तो अजून ग्रंथीच्या आतच होता. आबा आज नाहीत. तात्या रोज सकाळी सृष्टी चौकापर्यंत पायी जाऊन येतात.

रक्त एक, आजार एक, मग पायरी वेगळी का? या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. म्हणून या वेळच्या सदरात तोच विषय घेतला आहे. विषय लाजेचा वाटेल. पण लाजेपायी घरातला कर्ता माणूस जात असेल तर ती लाज काय कामाची?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या खाली, लघवीच्या नळीभोवती ती असते. वय वाढते तशी ती बहुतेक पुरुषांत थोडीफार वाढते. मग रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक होते, जाऊन आले तरी पुन्हा जावेसे वाटते. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला तो लघवी अडवत नाही, दुखत नाही, काहीच सांगत नाही. तो बोलायला लागतो तेव्हा पुष्कळदा कंबरेच्या आणि पाठीच्या हाडांतून बोलतो.

आबांचे असेच झाले. २०२२ च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो, तेव्हा ते कंबरेला पंचा आवळून बाजेवर पडून होते. विचारले तर म्हणाले, "काय न्हाई रं, वझी उचलून उचलून कंबार गेलीया." आम्हांलाही ते पटले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाची कंबर दुखणार नाही तर काय होणार? आम्ही एक मलमाची ट्यूब देऊन पुण्याला परतलो. आबांनी चोळून घेतले, लेप लावले, जवळच्या बाजारगावच्या दवाखान्यात सुया टोचून घेतल्या. गोळी घेतली की दोन दिवस बरे वाटे. माघ महिन्यात एके सकाळी पाय उचलेनात. लघवी तुंबली. तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेले. रक्तातील पी.एस.ए. नावाचा एक आकडा असतो. तो साधारणपणे चारच्या आत असावा असे धरतात. आबांचा चारशेच्या पुढे होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चुलती आम्हांला बाजूला घेऊन म्हणाली, "वर्सभर रातचं चारचारदा उठायचे. मला ठावं व्हतं. पर बाईमानसानं कुनाला सांगायचं ह्ये?"

आबांच्या तपासणीनंतर तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून विचारली, "यांना सख्खे भाऊ आहेत का?" बापाला किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर माणसाचा धोका साधारण दुपटीने वाढतो. त्या एका प्रश्नापायी आम्ही तात्यांना धरून तपासायला नेले. ते कुरकुरत आले, "मला काय धाड भरलीय?" त्यांना काहीच त्रास नव्हता. त्यांचा आकडा अकरा निघाला. पुढे सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, आणि तो ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशन झाले. धाकट्याला वाचवणारा प्रश्न थोरल्याच्या खाटेशी विचारला गेला. आबांना मात्र तो वेळेवर कुणी विचारला नाही. दरसाल गावी जाणाऱ्या आम्हीसुद्धा नाही.

आमच्या घरातले हे दोन भाऊ म्हणजे अपवाद असे समजू नका. गाव बदलले की आजाराची पायरी बदलते, हे श्रीमंत देशांतही दिसते. ब्रिटनचे पाहा. तिथे १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, दवाखान्यात गेले तर खिशाला हात घालावा लागत नाही. तरीही प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने २०२३ च्या सुरुवातीला जे आकडे मांडले त्यांत लंडनमध्ये या आजाराच्या रुग्णांपैकी साडेबारा टक्के, म्हणजे आठांतील एक, बरा होण्याच्या पलीकडे गेल्यावर सापडत होता. स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण पस्तीस टक्के होते, म्हणजे तिघांतील एकाहूनही थोडे जास्त. औषध फुकट असूनही हा फरक पडतो. म्हणजे उशिराला पैसा हे एकच कारण नाही. तपासणीला कोण जातो, डॉक्टर कुणाला विचारतो, आणि माणसाला आपला धोका ठाऊक आहे की नाही, यावरही पुष्कळ ठरते.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. टक्केवारी दिसली की ती कशाला भागून काढली हे पाहण्याची आमची जुनी खोड. म्हणून एक हिशेब करून पाहू. समजा एका शहरात पुष्कळ पुरुष तपासून घेतात आणि ऐंशी रुग्ण सापडतात, त्यांतले दहा शेवटच्या पायरीवर. टक्केवारी साडेबारा. दुसऱ्या शहरात कुणी फारसे तपासत नाही, वीसच रुग्ण सापडतात, त्यांतलेही दहा शेवटच्या पायरीवर. टक्केवारी पन्नास. शेवटच्या पायरीवरची माणसे दोन्हीकडे दहाच! तेव्हा नुसत्या टक्क्यांवरून एका शहराला शाबासकी आणि दुसऱ्याला बोल लावणे बरोबर नाही. दर लाख पुरुषांमागे उशिरा सापडलेले किती आणि दगावलेले किती, हेही मांडावे लागते.

आणि तिसरे एक ठिकाण असते. तिथे माणूस "कंबर गेली" म्हणून बाजेवर पडतो आणि म्हातारपणाने गेला म्हणून त्याची माती होते. आजाराला नावच पडत नाही. तो ना ऐंशीत मोजला जातो, ना विसांत. पाय लुळे पडले नसते तर आमचे आबा त्याच ठिकाणचे ठरले असते.

आपल्याकडे कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. पुढे पुण्यातही नोंदणी आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, कोलकाता, पुणे आणि तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा क्रमांक दुसरा दिसला. म्हणजे हा आजार आपल्या दारातला आहे. उलट बार्शीकडच्या ग्रामीण नोंदणीत त्याचे प्रमाण पुण्याहून पुष्कळच कमी दिसते. शहरात आयुष्य लांबते, खाणेपिणे बदलते, हे खरे. पण तपासणीही शहरातच होते, हेही तितकेच खरे. जिथे दिवा नाही तिथे काही दिसत नाही, म्हणून तिथे काही नाहीच असे म्हणता येत नाही.

आता बार्शीचीच एक गोष्ट सांगतो. ती मन उभारी धरावे अशी आहे. देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिने घेतली. खेड्यातला माणूस आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. नुसते आकडे लिहून घेऊन ते परतले नाहीत. बायकांना त्यांनी सांगितले की, पाळीखेरीज अंगावर रक्त गेले, घाण वासाचे पाणी गेले तर अंगावर काढू नका, येऊन दाखवा. थोड्याच वर्षांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बाया आधीच्या पायरीवरच दवाखान्यात येऊ लागल्या. हा बदल १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एवढा फरक पडला तो दारात येऊन विचारणाऱ्या माणसामुळे आणि त्याने सांगितलेल्या चार शब्दांमुळे.

वाचकहो, आमचे आबा त्याच परांडा तालुक्यातले. त्या मुलखात बायकांना प्रश्न विचारला गेला आणि बायका वाचल्या. पुरुषांना मात्र लघवीचे विचारावे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. आजही सरकारच्या कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. प्रोस्टेट त्यांत नाही. मग विचारायचे कोणी? घरच्यांनीच!

तेव्हा काय करावे ते सरळ सांगतो. धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीत रक्त येणे, किंवा काही महिन्यांपासून पाठ-कंबर दुखून रात्री अधिक ठणकणे, यांतले काही असेल तर "वय झाले" म्हणून बसू नका. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली किंवा लघवी तुंबली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. बापाला किंवा भावाला हा आजार झाला असेल तर त्रास नसला तरी पंचेचाळिशीपासून डॉक्टरांशी बोलून घ्या.

मात्र सरसकट साऱ्यांनी पी.एस.ए. करत सुटावे असे आम्ही म्हणत नाही. हा आकडा साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही चढतो. काही कॅन्सर इतके संथ असतात की जन्मभर त्रास देत नाहीत, आणि उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व यांना धक्का बसू शकतो. म्हणून पन्नाशीनंतर तपासायचे की नाही हे जाणत्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि आकडा चढला म्हणून रडारड करू नये. निदान पुढच्या तपासण्यांनीच होते.

जायचे कुठे? आपल्या भागाला संत तुकारामनगरचे वायसीएम आहे, सांगवी फाट्याजवळ औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि ई.एस.आय.चे कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरचे रुग्णालय आहे. कंपनीतून निवृत्त झालेल्यांनी एक लक्षात ठेवावे. विम्याच्या नोकरीत किमान पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ई.एस.आय.चे उपचार चालू ठेवता येतात. तात्यांच्या बरोबरचे कितीतरी जण हे न जाणता कार्ड पेटीत टाकून बसले आहेत. मोठा खर्च निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

उशिरा सापडले म्हणजे सारे संपले असेही नाही. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते संप्रेरक तोडले की तो दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांत गेलेल्या रुग्णालाही या उपचाराने आराम पडतो, कित्येकांना काही वर्षे मिळतात. आबांनाही दीड वर्ष मिळाले. काठी धरून ते अंगणात येऊन बसत. पण दीड वर्ष आणि उरलेले सारे आयुष्य, यांत फरक आहे. अमेरिकेतले आकडे सांगतात की ग्रंथीतच सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ सगळे पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर सापडलेल्यांत तिघांतील साधारण एक.

गेल्या महिन्यात चुलती आमच्याकडे राहायला आली होती. रविवारी विहारातून परतताना चार बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या. चुलती त्यांच्यात जाऊन टेकली आणि कुणी न विचारता म्हणाली, "बायांनो, तुमचा मालक रातचं किती येळा उठतो?" आधी पदर तोंडाला लागले, हसू फुटले. मग एकजण हलकेच म्हणाली, "पाच."

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या काकांना घेऊन आम्ही औंधला गेलो. साधी वाढ निघाली, गोळ्या चालू आहेत. काका आता रात्री एकदाच उठतात आणि काकूही नीट झोपतात.

आज रात्री तुमच्या घरातही हा प्रश्न विचारा. गावी म्हातारे वडील असतील तर फोन लावून विचारा.